लॅमिनेट केलेले कार्ड

माझ्या शिस्तीचे तुम्ही नेहमी कौतुक करता, म्हणून सोमवारी घडलेले तुम्हालाच सांगते.

आमची सून शोभा बंगळुरूच्या एका कंपनीचे काम घरून करते. कंपनीच्या संगणकात शिरण्यासाठी तिला चिप असलेले एक कार्ड यंत्रात घालावे लागते. ते टेबलावर उघडे पडलेले पाहून रविवारी मी औरादच्या दुकानात नेले, आधार कार्डासारखे व्यवस्थित लॅमिनेट करून आणले आणि होते तिथे ठेवले.

सोमवारी सकाळी शोभाने कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो उदगीरकडचा निघाला.

“सर, कार्ड आत जाईना. लॅमिनेट झालंय.”

“लॅमिनेट? कामून केलं हे? कुणी केलं?”

शोभाने माझ्याकडे पाहिले. “मीच केलं, सर. चुकलं.”

मी थक्क झाले. माझ्यासमोर, माझ्याचसाठी, इतके सहज खोटे. मी तिच्या हातून फोन घेतला. “ती खोटे बोलत आहे. कार्ड मी स्वतः दुकानात नेले होते. मी तिची सासू, निवृत्त मुख्याध्यापिका.”

पलीकडून तो हळूच म्हणाला, “म्हंजी कार्ड तुमच्याजवळ होतं, अक्का? हे आता मला वर कळवावं लागतंय.”

फोन बंद झाला. शोभाने कार्ड टेबलावर ठेवले.

“बिघडलं म्हणलं असतं तर नवं दिलं असतं, अत्या. दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणलं की नोकरीच जाते.”