अडीच फुटांचं पाऊल

ताई: नाही म्हणजे नाही. त्या कागदावर माझी सही होणार नाही.

धाकटा: ताई, पाचच्या आत पाठवायचाय तो. पावणेचार वाजलेत.

ताई: मग तूच कर की. पेन देऊ?

धाकटा: माझी चालत नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस असेल तर त्याच्या घरात राहणाऱ्याची सही हवी, असं आपल्याला जंगलात नेणाऱ्या वाटाड्याने लिहिलंय. बाबा तुझ्याकडे राहतात.

ताई: आज बरं आठवलं तुला, कुठे राहतात ते. सहा वर्षं पाहुण्यासारखा येतोस, सोफ्यावर बसतोस, पाणी आयतं हातात हवं. आणि आज नकाशा घेऊन उगवलास.

धाकटा: सगळ्यांना एकत्र घेऊन जातोय, त्याचं काहीच नाही? मी, तुझी भावजय, माझी दोन पोरं, तू, तुझी लेक, बाबा. कधी गेलोय आपण असे?

ताई: तुझी पोरं दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट बोलावतात. ती वल्ही मारणार?

धाकटा: पोरांवर घसरू नकोस.

ताई: बरं. मग बेत वाच. मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे काय घडणार आहे ते.

धाकटा: तीन विमानं, सव्वीस तास. मग नऊ दिवस जंगल. दिवसा चालायचं, संध्याकाळी लाकडी खोपटात मुक्काम. शेवटचे दोन दिवस तळ्यात होडी.

ताई: आणि चौथा दिवस? तो का गिळलास?

धाकटा: गिळला नाही. चौथ्या दिवशी बारा किलोमीटर, बाकी दिवस सहाच्या आत.

ताई: मध्ये रस्ता?

धाकटा: नाही.

ताई: गाव, दवाखाना, निदान एखादी टपरी?

धाकटा: नाही म्हटलं ना! म्हणूनच तर ही वाट निवडली, बाई. दुसऱ्या वाटेवर एकोणीस होते. बाबा रोज बारा चालतात, म्हणून बाराची वाट शोधली. चार महिने खपलोय मी त्यासाठी.

ताई: बारा चालतात हे कोणी सांगितलं तुला?

धाकटा: त्यांच्या वहीने. रोज सोळा हजार पावलं, अडीच फुटांचं पाऊल. कर हिशोब. चाळीस वर्षं मोजणीदार होते ते. मोजणीची साखळी पोचत नाही तिथे पावलांनी जमीन मोजली, आणि ती मोजणी कोर्टात टिकली. तुझ्या-माझ्या मोबाइलपेक्षा मी त्यांच्या पायांवर विश्वास ठेवतो.

ताई: तू लांबून विश्वास ठेवतोस. ते सोपं असतं.

धाकटा: झालं सुरू. एक विचारू? हे बाबांचं आहे की तुझं? कारण तुला थांबवायला आवडतं. आईलाही तूच थांबवलंस.

ताई: त्यात जाऊ नकोस.

धाकटा: का नको? डोंगरातलं ते तळं बघायचं म्हणून तिने बूट घेऊन ठेवले होते. तू म्हणालीस, दम लागतो, पुढच्या वर्षी जा. आठ महिन्यांत गेली ती. बूट कोरेच राहिले.

ताई: तिला चार पायऱ्या चढून खुर्ची लागायची, तेव्हा खुर्ची मी सरकवायचे. तू फोन करायचास, "आई, कशी आहेस?" ती म्हणायची मजेत, आणि तू खरं मानायचास. तुझ्यासाठी आई नेहमी मजेतच होती!

धाकटा: सही कर.

ताई: नाही.

धाकटा: कारण सांग. डॉक्टरांनी नाही म्हटलंय? रक्तदाब? साखर?

ताई: सगळं उत्तम आहे. देवाची दया.

धाकटा: मग तुझ्या पोटात का दुखतंय?

ताई: ते बारा चालत नाहीत, म्हणून! सात चालतात! जेमतेम सात! मार्चमध्ये मी किल्ली विसरले होते, ती द्यायला ते माझ्या दवाखान्यात आले. पेशंटना चालायला शिकवतो त्या व्हरांड्यात आम्ही मीटरच्या पट्ट्या मारल्यात. मी काचेतून बघत होते. दहा मीटरला तेरा पावलं लागायला हवीत ना तुझ्या मोजणीदाराला? बावीस लागली. पाऊल दीड फुटावर आलंय त्यांचं. ते सोळा हजार मोजतात ते खरं आहे, पण गुणतात जुन्या पावलाने. आता लिहू हे तुझ्या कागदावर?

बाबा: मार्चमध्ये?

ताई: बाबा... तुम्ही झोपला होतात ना?

बाबा: एवढ्या आरडाओरड्यात? मार्चमध्ये मोजलंस म्हणतेस. आता ऑक्टोबर लागला.

ताई: तुम्ही रोज आल्यावर "आज बारा झाले" म्हणायचात. चेहरा असा फुललेला असायचा. मला नाही सांगवलं.

बाबा: किती वेळा मोजलंस?

ताई: एकदाच.

बाबा: एका मोजणीवर निकाल देतात होय? तीनदा मोजायचं असतं. माझ्या कपाटात खालच्या खणात टेप आहे, कातडी डबीतला. खडूही आण. बाहेर जिन्यासमोर दहा मीटर जागा सहज निघेल.

धाकटा: बाबा, राहू द्या ना. ही काहीतरी बोलते, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?

बाबा: तू टेपचं एक टोक धर. ती दुसरं धरेल. सकाळपासून दोघं मिळून केलेलं पहिलं काम असेल हे.

(तिघे घराबाहेरच्या लांब बोळात. जमिनीवर खडूच्या दोन रेघा.)

बाबा: टेपला झोल आहे. ओढ.

धाकटा: ओढलाय.

ताई: माझ्या बाजूला नाहीये झोल. त्यालाच सांगा.

बाबा: हं. आता मोजा. मनात नको, मोठ्याने.

धाकटा: एक, दोन, तीन... पंधरा, सोळा, सतरा. सतरा! बघितलंस? म्हणे बावीस!

ताई: सतरा धरली तरी बारा किलोमीटर होत नाहीत.

धाकटा: पण सातही होत नाहीत! खोटं बोललीस तू!

बाबा: खोडा ते.

धाकटा: का?

बाबा: मी पाऊल ताणलं. तुम्ही बघताय म्हणून ताणलं. असं ताणून मी सोळा पावलं चालेन, सोळा हजार नाही. मोजणाराच ताणायला लागला की कोणाचं तरी शेत जातं. पुन्हा मोजा. या वेळी माझ्याकडे बघू नका, रेघेकडे बघा.

ताई: एक, दोन, तीन... वीस, एकवीस, बावीस.

बाबा: परत.

ताई: बाबा, पुरे.

बाबा: परत.

धाकटा: ...बावीस.

बाबा: आणि एकदा.

धाकटा: तेवीस.

बाबा: हं. थांबा जरा, भिंतीला टेकतो. तेवीस धरायला हवं खरं तर, चौथ्या दिवशी पाय असेच असणार. पण बावीस लिहा, दोनदा आलंय.

ताई: पाणी आणू?

बाबा: पाणी नको. तुझ्यावर रागावलोय मी, तेवढं कळू दे.

ताई: माझ्यावर? हा तुम्हाला रानात नेऊन सोडणार होता, आणि राग माझ्यावर?

बाबा: याने चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला. आकडा माझा होता, म्हणजे चूक माझी. साखळी दर वर्षी तपासायची असते, ओढून ओढून लांबते म्हणून. पाय आखडतील असं डोक्यातच आलं नाही. पण तुला ठाऊक होतं. सात महिने मी चुकीचा आकडा लिहीत होतो, आणि तू भाजी वाढत बसलीस.

ताई: तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

बाबा: वाटलंच की. आज वाटलं. मार्चमध्ये वाटलं असतं तर एव्हाना विसरलो असतो.

धाकटा: मी रद्द करतो सगळं.

ताई: बघा! आता हा उपकार करणार, आणि पुढची वीस वर्षं मला ऐकवणार.

धाकटा: तुला हवं तेच करतोय ना!

बाबा: रद्द कोणी म्हटलं? नकाशा आण. चौथ्या दिवसाची घडी उघड. इथून, या खोपटापासून, सातच्या आत काय येतं?

धाकटा: साडेसहावर तळ्याचा काठ. सगळ्यांच्या पिशव्या तिथून होडीने पुढच्या मुक्कामाला जातात.

बाबा: पिशव्या जातात तर म्हातारा का नाही जाणार? मी पिशवीपेक्षा हलका नसेन, पण गप्प बसेन.

ताई: आणि होडीत तुमच्याबरोबर कोण?

धाकटा: मी बसेन.

ताई: तू? तुला विमानातही उलटी होते. मी बसेन.

धाकटा: म्हणजे येतेयस तू?

ताई: तुझ्या भरवशावर सोडू त्यांना?

बाबा: भांडण होडीवाल्यासाठी ठेवा थोडं, त्याचीही करमणूक होईल. कागद दे इकडे.

धाकटा: बाबा, तिथे सात लिहिलं तर वाटाड्या सरळ नाही म्हणेल. होडीचं विचारतो त्याला मी, पण तो ऐकेलच असं नाही. निदान दहा लिहू या. दहा कोण तपासणार आहे?

ताई: हे बघा. हा असाच आहे.

बाबा: वाटाड्याला नाही म्हणायचा हक्क आहे. मला दहा म्हणायचा नाही. पाय देवाने दिले, त्याने लहान केले, त्यात माझं काही जात नाही. आकडा मात्र मी देतो.

धाकटा: आणि तो नाही म्हणाला तर?

बाबा: तर तुम्ही जा, आणि तिच्या लेकीला तळ्याकाठी उभी करून मला एक फोटो पाठवा. तुमच्या आईचे बूट कपाटावर आहेत. बसले पायात तर तुझ्या बायकोला दे, कोणीतरी ते घालून चालावं. किती वाजले?

धाकटा: साडेचार.

बाबा: लिही, पोरी.

ताई: "रोज किती चालतात?" सात. बरोबर?

बाबा: बरोबर.

ताई: केली सही.

बाबा: आता खाली आजची तारीख घाल.

ताई: तारखेला जागा नाही इथे. विचारलीच नाहीये त्यांनी.

बाबा: तरी घाल. मोजणीखाली तारीख लागतेच.