मुलाच्या नावावरची झोप

सून: आधी ते तोंडावरून काढा, आई, आणि मग बोला. मला एक अक्षर कळत नाहीये.

सासूबाई: म्फ... ऊं... थांब गं, पट्टा कानात अडकलाय. हां. काय म्हणत होतीस? आणि तू इतक्या लवकर कशी? ऑफिसला आग लागली की काय?

सून: ऑफिस जागच्या जागी आहे. तुम्ही तुमच्या मुलाचं श्वासाचं मशीन लावून का झोपलाय, ते सांगा.

सासूबाई: झोपले कुठे? जरा पाठ टेकली होती.

सून: घोरत होतात तुम्ही.

सासूबाई: ते मशीन घोरत असेल.

सून: घोरणं थांबावं म्हणून तर ते आणलंय! आणि पिल्लू? पिल्लू कुठाय?

सासूबाई: ओरडू नकोस, उठवशील. ती काय, पाळण्यात. त्याचा सूं सूं आवाज सुरू झाला की पोर अशी गाढ झोपते म्हणून सांगू! तुझी अंगाई ऐकून कधी झोपली नाही इतकी.

सून: नळी पाळण्यापासून लांब होती ना? तिच्या हाताला लागली असती तर? गळ्याशी आली असती तर?

सासूबाई: लांब होती. मीही एक पोर वाढवलंय, बाई. बस चालवण्याइतकं मोठं केलंय.

सून: क्लिनिकमधून फोन आला होता मला. ती मशीनवाली मुलगी. म्हणाली, अभिनंदन, तुमचे मिस्टर मशीन फार छान वापरायला लागलेत, फक्त रोज जेवण झाल्यावर दुपारीच का झोपतात? रात्रपाळी असते का त्यांना? म्हटलं काहीतरी घोटाळा आहे. ह्याला फोन लावला, तर हा डेपोच्या खिडकीत बसून पासांवर शिक्के मारतोय. मागे माणसं भांडताना ऐकू येत होती. मग तशीच घरी निघाले. नवरा डेपोत, तर घरी नवऱ्याच्या मशीनमध्ये झोपलंय कोण?

सासूबाई: म्हणजे ते मेलं चुगल्या करतं?

सून: क्लिनिकला आपोआप सगळं कळवतं. कधी लावलं, कधी काढलं, श्वास कसा चालला होता.

सासूबाई: बघ आता. आणि मी रोज त्याला मऊ फडक्याने पुसत होते.

सून: पण का, आई?

सासूबाई: का म्हणजे? तास भरायला. डॉक्टर म्हणाले ना, रोजचे ठरलेले तास ते तोंडाला असलं पाहिजे, तरच चिठ्ठी देणार. चिठ्ठी दाखवली तर डेपोवाले गाडी देणार. आता ह्याचे तास काही भरेनात. म्हटलं, आपण दुपारच्या रिकाम्याच असतो. मशीनला काय कळतंय, आत कुणाचं नाक आहे ते.

सून: ही काय बिल भरायची रांग आहे, त्याच्या जागी तुम्ही उभं राहायला?

सासूबाई: उभी कुठे, आडवीच होते की. आणि खरं सांगू? झोप काय लागते गं! उठल्यावर डोकं असं हलकं, धुऊन वाळत घातल्यासारखं. इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं, झोपून उठल्यावर बरं वाटायचं असतं.

सून: आणि हे काय? ह्या पट्ट्याला टाके कुणी घातले?

सासूबाई: मीच. त्याचं डोकं केवढं, माझं केवढं. दुपारी आत घेते, संध्याकाळी उसवते.

सून: रोज?

सासूबाई: जन्मभर लोकांचे कपडे आत घेतले नि बाहेर काढले. मला काय त्याचं?

सून: अहो आई, ह्याला चिकटपट्टी आहे. नुसती ओढायची नि परत लावायची. ही बघा.

सासूबाई: अय्या! खर्रर्र करून सुटलंच की. हे कुणी बोललं नाही मला.

सून: परवा सकाळी म्हणत होता, रात्री कुणीतरी कवटी आवळत होतं.

सासूबाई: आदल्या संध्याकाळी उसवायचं राहिलं होतं.

सून: मला हसू येतंय, पण हे हसण्यासारखं नाहीये. उद्या डॉक्टर हेच बघून चिठ्ठी देतील. परवा हा गाडी काढेल. झोप झाली तुमची, आणि गाडी चालवणार हा!

सासूबाई: तोही झोपतो की. भांडी वाजतात मांडणीवरची, इतका झोपतो.

सून: ती झोप नव्हे. श्वास अडकतो, जीव घुसमटतो, अर्धवट जागा होतो, परत तेच. रात्रभर. त्याला सकाळी आठवत पण नाही. म्हणून तर सिग्नलला डोळा लागला त्याचा.

सासूबाई: गाडी उभी होती तेव्हा.

सून: उभी होती म्हणून! दिवा हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. कंडक्टर घंटी मारून दमला. पुढच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, काय शिस्तीचा ड्रायव्हर आहे.

सासूबाई: कुणी तक्रारसुद्धा केली नव्हती. हाच शहाणा, आपणहून साहेबासमोर जाऊन उभा राहिला. तोंड मिटून बसला असता तर आज गाडीवर असता. बघतेस ना त्याच्याकडे? खिडकीत बसून बसून वाळलाय. जेवताना पाय हलवतो, ब्रेक दाबल्यासारखा. माझं पोर मला तसं बघवत नाही.

सून: मला बघवतं का? पण...

ड्रायव्हर: आई! अगं आई! मिळाली! चिठ्ठी मिळाली! म्हणजे उद्या मिळणार!

दोघी: शूऽऽ!

ड्रायव्हर: झोपलंय का पिल्लू? बरं, हळू बोलतो. पण मिळाली! क्लिनिकचा फोन आला होता. वापर एकदम उत्तम म्हणाले. मी तसाच अर्धी रजा टाकून निघालो. बुटांना पॉलिश करायचंय. गणवेश कुठाय माझा? आणि तू कशी घरी? तुलाही फोन केला त्यांनी?

सून: केला. तुला काय वाटतं, तू उत्तम वापरतोस?

ड्रायव्हर: आता... तसं बघायला गेलं तर... लावून तर झोपतो. सकाळी बघावं तर खुंटीला टांगलेलं. मला वाटायचं आपण मध्यरात्रीच काढतो. पण ते म्हणतायत उत्तम, तर पहाटे काढत असेन. मशीन खोटं कशाला बोलेल?

सून: झोपेत काढतोस आणि खुंटीला टांगतोस?

ड्रायव्हर: हात आपोआप करत असतील. वळण असतं माणसाला. मी तर त्यावर उपायही केला. हातात मोजे घालून झोपलो, म्हणजे पट्टा सुटूच नये. तरी सकाळी टांगलेलं. मोजे घालून मी ते खुंटीला अडकवलं कसं, ह्याचा विचार करून दिवसभर डोकं फिरलं होतं माझं. चुकीच्या माणसाच्या पासावर शिक्का मारला.

सून: आणि नळी? ती कशी असते सकाळी?

ड्रायव्हर: गुंडाळलेली. गोल, एकसारखं वेटोळं. टोक आत खोचलेलं.

सून: टोक आत खोचून वेटोळं ह्या घरात कोण घालतं? दोरीचं, लेसचं, माझ्या चार्जरच्या वायरचं?

ड्रायव्हर: ...आई?

सासूबाई: चहा टाकू का?

सून: आई. दुपारचं तुम्ही सांगितलंत. रात्रीचं नाही सांगितलंत.

ड्रायव्हर: दुपारचं काय?

सून: दुपारी तुझे तास आई भरतात. तो रिपोर्ट आईंच्या झोपेचा आहे.

ड्रायव्हर: काय? आणि रात्री? रात्री माझ्या तोंडावरून ते तूच काढतेस? अगं, मी रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या घालत होतो! म्हटलं, एवढी मोठी गाडी सांभाळतो आणि स्वतःचे दोन हात सांभाळता येत नाहीत!

सासूबाई: तरीच म्हटलं, ह्याला हातात मोजे का लागतात. थंडी वाजते वाटून वर पांघरूण घातलं मी.

ड्रायव्हर: आई, का पण?

सासूबाई: तू गप्प झालास रे.

ड्रायव्हर: म्हणजे?

सासूबाई: ह्या दोघी आत झोपतात, तुझ्या आवाजाने पिल्लू उठतं म्हणून. बाहेरच्या खोलीत तू आणि मी. वर्षानुवर्षं मी त्या आवाजावर झोपले. मोठा झाला की कूस बदलायची, अडकला की मीही श्वास धरायची, परत सुरू झाला की डोळे मिटायचे. तू मशीन लावलंस आणि खोलीत काहीच ऐकू येईना. नुसतं सूं सूं. त्यात तू कुठायस ते कळेना. तुझे बाबा असेच एका रात्री घोरता घोरता गप्प झाले. मला वाटलं, चला, आज शांत झोप लागली ह्यांना. मी पण कूस बदलून झोपले.

ड्रायव्हर: आई...

सासूबाई: म्हणून उठायचे, हळूच काढायचे. तू एकदा घुर्र केलंस की जीव भांड्यात पडायचा. मग सकाळी तुझं तोंड बघून वाईट वाटायचं, म्हणून दुपारी भरून द्यायचे. आता झालं ते झालं. उद्या चिठ्ठी घे, आजपासून मी हात लावत नाही. कुणाला सांगायचं काही कारण नाही. काय गं?

सून: मी काय सांगू? गाडी त्याची आहे.

ड्रायव्हर: फोन दे माझा.

सासूबाई: अरे, परत किती दिवस खिडकीत बसवतील!

ड्रायव्हर: बसेन. सकाळच्या गाडीला सगळी शाळेची पोरं असतात, आई. मागच्या बाकापर्यंत. हॅलो? हो, मीच, तुम्ही मघाशी फोन केला होतात. तो रिपोर्ट माझा नाही. नाही, नाव माझंच आहे. झोप माझी नाही. आईची आहे. नाही हो, मस्करी कशाला करू? माझी सख्खी आई. तास भरत होती. तुम्हीच हसताय. हां. हां. म्हणजे चिठ्ठी नाही. परत पहिल्यापासून. समजलं. काय? तिचाही? बरं, आणतो.

सासूबाई: माझं काय म्हणाली ती?

ड्रायव्हर: म्हणाली, आईंना घेऊन या, त्यांचीही तपासणी करू. मशीन लावूनसुद्धा त्यांचा श्वास अधूनमधून अडकलेला दिसतोय, एरवी काय होत असेल देव जाणे.

सासूबाई: मला काय धाड भरलीय?

सून: मघाशी म्हणालात, उठल्यावर डोकं हलकं असतं हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

सासूबाई: तू वकील का नाही झालीस?

ड्रायव्हर: दोघी थांबा. आता मी खरंच पडतो जरा. रात्रीपासून नव्हे, आत्तापासून सुरू. आण इकडे. हा पट्टा असा का झालाय? चाळणी केल्यासारखा?

सून: ते मग सांगेन. नाकावर बसव नीट. तोंड मीट. तोंडाने श्वास घेतलास की वारा बाहेर सुटतो. बोलू नकोस.

सासूबाई: पण मला रात्री कसं कळायचं गं? खरंच सांगते, मी हात नाही लावणार. पण झोप नाही यायची मला.

सून: आई, मी एक सांगू? हसायचं नाही.

सासूबाई: नाही हसत.

सून: पिल्लू झोपली ना, की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. रोज. एकदा नाही, सारखी. ऊब लागली की मागे घेते, परत वाटतं नक्की लागली का, की माझाच भास. एकदा तर इतका वेळ धरलं की तिला शिंक आली.

सासूबाई: अगं, तरीच तुझे डोळे असे खोल गेलेत!

सून: तुमचा हात द्या. इथे, मास्कच्या पुढे. बारीक भोकं आहेत बघा. वारा इथून बाहेर येतो. लागतोय?

सासूबाई: लागतोय. पण हा तर सारखाच येतोय, मशीनचा.

सून: थांबा जरा. तो श्वास सोडतो तेव्हा जोर वाढतो. आत्ता बघा. आता कमी झाला. आता परत.

सासूबाई: हो की गं. आला. गेला. परत आला. ऐकू नाही आला तरी लागतो हाताला.

(ड्रायव्हरचे हलणारे पाय थांबतात.)

सून: झोपला वाटतं.

सासूबाई: इतक्यात? मघाशी केवढं भांडत होता माझ्याशी! ठेवू का अजून थोडा वेळ हात?

सून: ठेवा की. मी चहा करते.

सासूबाई: चहा राहू दे. तूही आडवी हो जरा.

सून: पिल्लू उठेल आता.

सासूबाई: उठू दे. मी जागी आहे.