बेगिमायचा चहा

बसा भाऊजी, बसा हो, उठू नका — आणि तिला हाक तर मुळीच मारू नका. पुतणी तुमचीच, पण आत्ता नाव घेतलंत की संपलं, भिंतीवरची चित्रं सोडून ती तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, आणि मग तुम्ही म्हणायला मोकळे — बघ साल्किन, विशीतल्या घोडीला साधा चहा जमत नाही, तिला अशा पोरींच्या संस्थेत धाडू. ठरलंय ना आपलं? तिनं एकटीनं चहा करून तुमच्यापुढे ठेवला, तर पुन्हा संस्थेचं नाव काढायचं नाही.

चित्रं होय? मीच काढलीत. डावीकडून सुरू करायचं — किटली, नळ, गॅस, चहा — एकेक काम झालं की त्याचं चित्र भिंतीवरून उतरवून टोपलीत टाकायचं, चित्रं संपली की काम संपलं. तोंडानं सांगून सांगून माझा घसा बसला, तिच्या डोक्यात काही शिरेना, आणि चित्र पाहिलं की चुकत नाही. आता शिकवायचं म्हणजे काय, तर मी गप्प बसायचं. तेच मला मेलीला जमत नाही. इतकी घाई का म्हणता? घाई कसली, ऑपरेशनची तारीख मिळाली की मला बिश्केकला — काही नाही हो, बारीकशी गाठ आहे. सांगणार नव्हते तुम्हाला. आता निघालंच तोंडातून तर ऐका, मी दवाखान्यात असले तरी ती याच घरात राहील, शेजारची गुलसून येऊन बघून जाईल. तिकडे संस्थेत पोरी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, मी पाहून आलेय.

थांबा — किटली शिट्टी मारायला लागली. तिला तो आवाज सोसत नाही, कान झाकलेन बघा. उठू नका म्हटलं ना. मी तरी कुठे उठतेय? जीव नुसता टांगणीला लागलाय. गॅस बंद करायचं चित्र तिच्या नाकासमोर आहे — बघ गं बाई, वर बघ — नाही, तिला नाही बोलले, माझं मीच पुटपुटतेय. हां. केला बंद. एक कान खांद्याला दाबून का होईना, केला.

आली. घ्या, दोन्ही हातांनी धरा — अगं बाई. काठोकाठ भरलाय.

रागावू नका, भाऊजी. आपल्यात पाहुण्याला घोटभरच ओततात, पुन्हा पुन्हा वाढता यावा म्हणून, आणि काठोकाठ दिला की 'आता उठा' — हे तिला कुठून कळणार? चूक माझी. अर्धा प्याला चित्रात रिकामाच दिसायला लागला, म्हणून मी पुरता रंगवला. तिनं चित्राबरहुकूम केलं, थेंबभर सांडलं नाही. काय? थोरल्या काकाला घालवून देणारी पोरगी संस्थेतच शोभते? ठरलेलं मोडलं म्हणता?

बरं. मग चहा तेवढा प्या, टाकू नका, माझ्या लेकीनं, बेगिमायनं केलाय. तुमची टोपी खुंटीवर आहे.