मुद्दाम कच्ची ठेवलेली पिन

नाही बसणार तुमचा विश्वास. एका शब्दावर तरी ठेवून दाखवा, मी गप्प बसेन, आणि मी गप्प बसलेली अख्ख्या अवधपुरीत कुणी पाहिली नाही... तर सांगत काय होते, आमच्या केशवभावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात वरपक्षासाठी वाईट चहा ठरवला होता. ठरवला होता म्हणते मी. चुकून वाईट होतो तो वेगळा, तो आपल्या सगळ्यांकडे होतोच की. ह्यांनी बसून, डोकं लावून, पेन्सिलीला टोक करून तो वाईट केला. आणि वर मला काय म्हणाले? "वहिनी, काय तुटायचं ते आधी ठरवायचं असतं."

आता भावजी कोण ते सांगायला हवं. तेव्हा आम्ही भोपाळच्या पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. एवढा मोठा सरकारी कारखाना, भोंगा झाला की रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली. भावजी तिथे ड्रॉइंग ऑफिसात, मशीनचे भाग काढायचे, कागदावर हो. मी आपली चौथीपर्यंतची. इंदूरच्या शाळेने मला काढलं की मी शाळेला सोडलं यावर दोन मतं आहेत. मला वाटायचं, चित्रं काढायची आणि पगार घ्यायचा, मजा आहे लेकाची. एकदा विचारलं, भावजी, दिवसभर करता तरी काय? तर म्हणे, "वहिनी, एखादी वस्तू कशाने मोडेल याचा विचार करतो." घ्या. आमच्या सासूबाई जन्मभर तेच करायच्या, त्यांना कुणी पगार दिला नाही.

पण माणूस मोठा हं. थट्टा करते म्हणून तुम्ही हसू नका, हसायचा हक्क माझा. चारजण बसतील असा बाक करा म्हटलं तर ह्यांनी हत्ती बसेल असा केला. का, तर म्हणे माणूस नुसता बसत नाही, आदळतो, लाकडात कुठे गाठ असते, सुताराचा हात हलतो, आणि आपण ज्याचा विचारच केला नाही असंही काहीतरी असतंच, त्या सगळ्यासाठी जागा सोडायची. जागा एवढी सोडली की बाक दारातून आत जाईना. राहिला अंगणात. कॉलनीतल्या बकऱ्या त्यावर चढून आमचे पेरू खायच्या. आणि कोपरे सगळे गोल. टोकदार कोपरा दिसला की ह्यांच्या पोटात कळ यायची, चीर म्हणे तिथूनच धरते. विमलला, म्हणजे माझ्या जावेला, म्हणायचे, "अगं, बोलण्याला जरा गोलाई दे." ती म्हणायची, "तुम्ही जेवायला वेळेवर या, देते गोलाई."

आणि एका होळीला त्यांनी पुरणयंत्राला मोटर लावली. खरंच. भिंतीला मोटर, मधे जाडजूड दांडा, पुढे दात्यांची चाकं, आणि या सगळ्याला जोडणारी काय, तर एक बारीक पितळी पिन, उदबत्तीच्या काडीसारखी. मला राहवेना. एवढं सगळं दणकट आणि मधे हे मेलं नाजूक कशाला? मी कुणी बघत नाही असं पाहून डाळीत एक चिंचोका टाकला. खट् झालं. मोटर आपली फिरतेय गरगर, यंत्र जागच्या जागी, आणि पिनीचे दोन तुकडे खाली. मला वाटलं, आता बोलणी खायची. तर भावजी खूश. तुकडे तळहातावर घेऊन असे बघतायत जसं काही बारशाला आलेत. "बघितलंत वहिनी? चाकं वाचली, मोटर वाचली. सगळंच मजबूत केलं की जे महागाचं ते तुटतं. म्हणून मधे एक जागा मुद्दाम कच्ची ठेवायची. काय तुटायचं ते आधी ठरवायचं."

चिंचोका आला कुठून, हे विचारलंच नाही. अहो, माझा विरस झाला. मीच म्हटलं, भावजी, डाळीत चिंचोका कसा हो? तर म्हणाले, "चिंचोका येणारच. कधी ना कधी येतोच. त्याच्याशी भांडून काय करायचं?"

विमल मात्र वैतागली. दर सणाला पिन तुटते म्हणून... दर सणाला का तुटत होती ते सोडा... तिने तिथे चक्क लोखंडी खिळा ठोकला. आता तूट म्हणावं. नाही तुटला खिळा, अगदी नाही. आतल्या चाकाचे दाते गेले सगळे, कवळी काढल्यासारखे. सगळं पुरण पाट्यावर वाटावं लागलं, तेही माझ्या हातांनी.

तर लग्न. अनुराधा, आमची अनू, माझ्या मांडीवर वाढलेली. मला पोरबाळ नाही, हे लवकर गेले, मग मी आणि अनू. ती बापावर गेली, शिकली, आणि त्याच ड्रॉइंग ऑफिसात लागली. बाप एका टेबलावर, लेक दुसऱ्या. स्थळ आलं ग्वाल्हेरचं. मुलगा श्रीकांत, सरळ, बँकेत होता. अनूने पहिल्याच भेटीत सांगितलं, नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, मीच बदली मागून भोपाळला येतो. त्याची आई म्हणाली, छान. सगळं गोड, बिलकुल गोड. फक्त एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, धीर नव्हता.

सुधाकरकाका. श्रीकांतला वडील नाहीत, हे मोठे काका कर्ते. आणि त्यांची ख्याती अशी की एका पुतण्याचं लग्न त्यांनी मांडवातून परत नेलेलं, अत्तरदाणी डाव्या हाताने पुढे केली म्हणून. श्रीकांतच म्हणाला, "एकदा अक्षता पडू द्या, मग मी सांगतो. अक्षतांनंतर काका शब्द फिरवत नाहीत. त्याच्या आधी कळलं तर लग्नच गेलं." अनूने जेवण टाकलं. आणि विमल, तिचं एकच, "मी सगळं असं चोख करीन की त्यांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही."

भावजी म्हणाले, "तेच करायचं नाही."

आम्ही त्या बकऱ्यांच्या बाकावर बसलो होतो. म्हणाले, "दोन घरं जोडायची म्हणजे झटका बसणार. काका रुसायला येतायत, मानाने रुसून मोकळे व्हायला हवेत. त्यांना तोडायला काहीतरी द्या." आणि मग सुरू झाला विचार, काय तुटायचं? मी म्हटलं, फेटा घट्ट बांधू. "नको, तो अंगाला लागतो." नारळ किडका देऊ. "छे, मानपान म्हणजे मुख्य दांडाच, त्याला हात नाही लावायचा." बँड बेसूर आणू. "तो तसाही बेसूरच असतो, काकांना कळणार नाही. आणि वहिनी, इतकंही कच्चं नको की पहिल्या नमस्कारालाच मोडेल." असं करत करत ठरला चहा. जानोशात, म्हणजे वऱ्हाड उतरणार तिथे, सकाळचा चहा, फिका, कोमट, बशी एका रंगाची, कप दुसऱ्या. काका भडकणार, रुसणार, मग भावजी जाणार, पाया पडणार, वेलदोड्याचा दुसरा चहा आणि जरीचं उपरणं पुढे करणार. ते उपरणं आधीच आणून ठेवलं होतं. "बदलायची पिन हाताशी लागते," म्हणे.

काय डोकं हो! मी तर बघतच राहिले. लोक वरपक्ष रुसू नये म्हणून नवस बोलतात, हा बाबा त्याला रुसायला जागा आखून देतोय.

आणि मग आला सुभाष. भावजींच्या शेजारच्या टेबलावरचा. जन्मभर मशीनला पिना काढणारा माणूस, लक्षात घ्या. जानोशात चहा पोचवायचं काम त्याच्याकडे, आणि भावजींनी त्याला कारण सांगितलंच नाही, कारण पिनीला माहीत असावं लागत नाही म्हणे. सुभाषने किटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला, आणि म्हणाला, "छी, केशवदादाच्या अनूच्या लग्नात हा चहा?" ओतला गटारात. आलं कुटलं, दूध आटवलं, घरून बायकोच्या रुखवताचे कप आणले. काका दोन कप प्याले. म्हणाले, "वा."

सुभाष हसत हसत येऊन सांगतोय, "दादा, चिंता मिटली, काका खूश." भावजींचा चेहरा असा पांढरा... मला म्हणाले, "वहिनी, याने खिळा ठोकला."

आता काय? मुहूर्त गोरज, अख्खी दुपार पडलेली, आणि काका भरलेले, मोकळे व्हायला जागा नाही. फिरतायत मांडवात. सतरंजी बघतात, चोख. फुलं बघतात, ताजी. विमलने सगळंच चोख केलेलं. जेवणाच्या पंगतीत बसले, जिलबी खाल्ली, तिलाही नाव ठेवता येईना, आणि माणूस असा कावलेला की काही विचारू नका. शेवटी वळले भावजींकडे. आवाज अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असा. "काय व्याही, सूनबाईंचा राजीनामा दिला ना? आमच्या घरातल्या सुना नोकऱ्या करीत नाहीत. मला आत्ताच्या आत्ता तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पंगत थांबली. श्रीकांतचा हात पानावर तसाच. आतल्या दारात अनू उभी, हळदीची साडी, आणि डोळे बापाकडे. भावजींना खोटं बोलता येत नाही, ते पार लहानपणापासून. तोंड उघडलं त्यांनी. विमल पदर खोचून पुढे निघाली, गोलाई तर तिच्याकडे नव्हतीच.

आणि मी कुठे? मी काकांच्या डोक्यावर मठ्ठ्याची बादली घेऊन उभी, वाढायला. आणि मला एकदम दिसलं हो. सगळं दणकट उभं आहे, आणि मधे कच्चं कोण? मानाच्या पानात माझं नाव नाही, ओवाळायला मला कुणी बोलावत नाही, मुलीची विधवा काकू, मला तोडलं तर कुणाचं काय अडतं? स्वस्त आणि हाताशी.

ओतला. पेला नाही, बादली. गार मठ्ठा, कोथिंबिरीसकट, मांडीवर, त्या रेशमी सोवळ्यावर. आणि नुसती चूक वाटू नये म्हणून वर म्हटलं, "राहू द्या हो काका, पोटात काय नि मांडीवर काय, पचला म्हणजे झालं."

तुम्हाला सांगते, तो माणूस असा फुटला, असा फुटला... "कोण ही बाई? हिला रीत आहे का? ही मांडवात असेल तर आमचं लग्न इथे लागणार नाही." राजीनामा गेला कुठल्या कुठे. मी जरा आणखी बोलले, कमी पडायला नको म्हणून. मग भावजी धावले, पाया पडले, "वहिनी, तुम्ही आत्ता इथून निघा" म्हणाले, मोठ्याने. नवं धोतर आलं, जरीचं उपरणं आलं. काका रुसले, श्रीकांतच्या आईने समजूत काढली, पुन्हा रुसले, सुभाषचा चहा आला, तेव्हा कुठे फेटा बांधला, आणि तोवर भटजी ओरडायला लागले की वेळ झाली.

मी आचाऱ्याच्या तंबूत. कनातीला एक भोक होतं, त्यातून अनूचा आंतरपाट दिसत होता, अनू नाही. अक्षता मुठीत होत्या माझ्या. टाकल्या तिथूनच, कढईत पडल्या. आचारी म्हणाला, "अम्मा, ये क्या कर रही हो, तेल गरम है." म्हटलं, शादी हो रही है, बेटा.

मग भावजी आले. ताट घेऊन, दोघांचं. वरपक्षाची पंगत सोडून, उपड्या पातेल्यावर माझ्याशेजारी बसले. आधी भात माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, मोडलेली पिन आम्ही टाकत नाही. टेबलावर ठेवतो. ती कुठे आणि कशी मोडली ते बघून पुढचं मशीन काढतो." मी म्हटलं, मला नका हो टेबलावर ठेवू, विमल धूळ पुसताना ढकलून देईल. हसले, आणि डोळे पुसले. मी काही बघितलं नाही, मी भात खात होते.

अनू पुढे त्याच ऑफिसात मोठी साहेब झाली. काकांना अक्षतांनंतर श्रीकांतने सांगितलं, काका म्हणाले, "सून काय करते त्याच्याशी मला देणंघेणं नाही, ती काकू घरात पाऊल ठेवता कामा नये." नाही ठेवलं मी, ते असेपर्यंत. अनूच यायची.

पण हे सगळं कळल्यावर सुभाषने ऑफिसभर सांगितलं ना. काय तुटायचं ते आधी ठरवायचं हे त्या कारखान्यात सगळ्यांनाच पाठ होतं, आता ते पुस्तकातून उतरून लोकांच्या दारी आलं. मग सुरू झालं. "काकू, आमच्याकडे लग्न आहे, मुलाचे एक मामा आहेत नागपूरचे..." "काकू, उज्जैनची आत्या फार कडक आहे हो, तुम्ही याल का?" आणि मी जाते. साडीवर कोकम सांडते, कुणाला 'अजून जिवंत आहात वाटतं' म्हणते, शिव्या खाते, बाहेर निघते, लग्न लागतं. टाउनशिपची अर्धी पोरं माझ्या जिवावर संसार करतायत, आणि एकाही मांडवात मी बसून जेवलेली नाही.

आजही साकेत नगरात आहे एक. ती बघा, रिक्षा पाठवलीय त्यांनी. ग्वाल्हेरचीच पार्टी, आजोबा तिखट आहेत म्हणे, म्हणून मी डबा घरूनच बांधून घेतलाय. निघा आता, उठा, चालते व्हा, मला अपमान करून घ्यायला उशीर होतोय.