फळ्यांची वाट

लामेक गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात झानिन रांगेत उभी होती; तिच्या पुढची ओदिल आपल्या काकावर, रेआलवर, वैतागली होती.

"समुद्र शिरून दलदल खारावली, काका. तिथं पुन्हा शेवाळ जगवायला मी जिवाचं रान करतेय. आणि नेमकं दलदलीवरच्या लाकडी फळ्यांच्या वाटेलगतचंच मरतंय."

"समुद्राला विचार की."

"त्याला बांध घातलाय. तरी दर हिवाळ्यानंतर पाण्यात मीठ वाढलेलंच."

"मला काय ठाऊक? मी आपला फळ्यांवरचा बर्फ घालवतो."

"कशानं घालवता?"

रेआलनं मिठाची गोणी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"ठेवा ती परत. आत्ताच्या आत्ता."

"ठेवतो. पण पहिल्या हिवाळ्यात तिथं आपटलीस, तेव्हा 'काका, या फळ्यांचं काहीतरी करा' म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं होतं?"