नवा ड्रमर

हाडांच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलेली शिंपीण नंबरची वाट बघत होती. शेजारचं म्हातारं जोडपं मोबाइलवर एका जुन्या रॉक बँडच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघत होतं. तिचे कान आपसूक तिकडे वळले.

“अहो, तुमच्या जागी हाच का?”

“हाच. माझेच ड्रम वाजवतोय.”

“कच्चा वाटतो हो.”

“कच्चा कसला! माझ्यापेक्षा तयार हात आहे त्याचा.”

“शेवटी तुमचं नाव तरी घेतील.”

“संपला की व्हिडिओ. कुठे घेतलं?”

“हात बरा झाला की बोलावतील परत.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना तू?”

“ऐकलं... पुन्हा लावू का?”

“लाव. लोक बघ कसे नाचतायत. एकालाही चुकल्या-चुकल्यासारखं वाटत नाहीये.”