बेचाळिसावं घर

हॅलो?… हो, मीच. बोल छोटे. आले का ते?… कोण म्हणजे काय, आपलं घर घेणारे! बसलेत ना तुझ्याकडे?… तोच भाव? तसूभरही नाही वाढवला?… मग नाही म्हण.

…माहितेय गं. आईसाठी बघितलेलं ते तळमजल्याचं घर आजपर्यंतच थांबणार. पण भाव काही माझ्या मनाचा नाही, कॉम्प्युटरवर मांडलेल्या हिशोबाचा, त्या रिग्रेशनचा आहे… हस, हस. तू शाळेत गणित शिकवणार, आणि मी दहावीनंतर कात्री धरलेली. पण तीन महिने व्हिडिओ बघून शिकले की नाही? विकली गेलेली घरं दारोदार हिंडून जमवली. चौरस फूट, मजला, पाणी किती तास… प्रत्येकाचा रकाना. शेवटी विकल्याचा भाव. मग कॉम्प्युटर सांगतो, कशानं किती चढतो, कशानं उतरतो.

…तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे धरलंय! चांगलाच पडतो त्यानं… मग एवढा कसा आला? आलाय… घरं? बेचाळीस… रकाने?… अठ्ठावीस.

…नाही, आधी सहाच होते… हो, तेव्हा भाव कमी यायचा. मग वाढवले एकेक. कपडा घट्ट झाला की शिवण सोडतेच ना मी?

…शेवटचा रकाना? आहे असाच एक… 'खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं का'… हो. 'दिसतं' एकाच घरापुढे आहे… आपल्याच.

…ओरडू नकोस गं. हो, बेचाळिसावं घर आपलं. विकलं गेलेलं नाही, कळतं मला!… भाव लिहिला, आपल्याला हवा तो. आणि कॉम्प्युटरनं अगदी तोच परत दिला. मला वाटलं, काय अचूक आहे मेला!

…मुद्दाम नाही… बरं, थोडं मुद्दाम. आठ महिने आई जिना उतरलेली नाही. दिवसभर त्या खिडकीशी. मधली सुट्टी झाली की पोरं मोजत बसते. तिकडे तळमजल्यावर समोर नुसती भिंत. ते कुठल्या रकान्यात घालू मी?… सांग ना, तू एवढी गणिताची बाई!

…तिला? नाही विचारलं. तिला काय विचारायचं?… थांब हं. आई, पड तू, छोटीचा फोन आहे… काय?… काय म्हणालीस?

…हॅलो. अगं, ही सगळं ऐकत होती… म्हणतेय, मैदान बघून बघून जीव विटला. पोरांनी खेळायचं आणि मी मोजायचं, किती दिवस? एकदा स्वतःच्या पायानं कोपऱ्यावर जाऊन भाजीवाल्याशी भांडायचंय म्हणे… हो ना. तीन महिने मी गल्लीभर विचारत हिंडले, आणि हिलाच…

…काय, घेणारे उठले?… जिन्यात पोचले? मग माझ्याशी काय बोलत बसलीस! त्यांचाच भाव… हो, त्यांचाच! अगं पळ, चपला राहू देत. ठेव फोन!